खटका पडतो तेव्हा

ही एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा खटका. झाकणाच्या जागी आम्ही पारदर्शक तुकडा बसवलाय. रुंदी जेमतेम १८ मिलिमीटर, आतली दाटी बघा.

ही तिरकी पट्टी दोन धातूंची. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. एमसीबी १६ अँपिअरची आहे आणि आम्ही सोडलेत २४. लगेच काहीच होत नाही. हे दृश्य पळवून दाखवतोय, नाहीतर तुम्ही उठून गेला असता. मानक सांगतं, लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला तासभर पडायचं नाही, १.४५ पटीला तासाच्या आत पडायचंच. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली. भिंतीतली वायरही अशीच सावकाश तापते. पट्टी तिची नक्कल करते. वाकली... टेकली... पडला खटका.

आता फेज थेट न्यूट्रलला भिडवतोय. इथे पट्टीच्या भरवशावर राहिलो तर वायर जाईल. म्हणून ही तांब्याची गुंडाळी. एमसीबीच्या बी प्रकारात लिहिलेल्या आकड्याच्या तीन ते पाचपट, सी प्रकारात पाच ते दहापट प्रवाहाला ती आतला दांडा हिसडते. कानाला फक्त 'टक्'. पण हळू केलेल्या चित्रणात ठिणगी बघा: संपर्क सुटताना ताणली जाते, या पोलादी पत्र्यांच्या चळतीत शिरते, तिथे तिचे तुकडे होतात, विझते.

माणसाला शॉक बसला तर एमसीबी पडेलच असं नाही. ते काम आरसीसीबीचं, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की तोडणाऱ्या वेगळ्या खटक्याचं, आणि ती आज टेबलावर नाही.

टेबलावर आहेत दोन वायरी, अडीच आणि सहा स्क्वेअर एमएमच्या. दोन्हींतून ३२ अँपिअर. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात अडीचची उजळत चाललीय. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची कायमची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. प्रवाह दुप्पट, की उष्णता चौपट. 'सारखी पडते' म्हणून १६ ची काढून ३२ ची बसवतात, ती ही चौपट. नवी एमसीबी गप्प राहते, कारण ३२ पर्यंत तिच्या लेखी सगळं ठीक. वायरीची जाडी तिला कुठून कळणार? इन्सुलेशन कडक होतं, तडकतं, मग आग.

हे वायरमन. मेन बंद केलं, टेस्टर लावून पाहिला, स्क्रू सैल केला, वायर बाहेर ओढली. चष्मा लावून तिच्यावरचं वाचतायत. २.५. हातातली ३२ ची एमसीबी परत पिशवीत गेली.

"जादा लोडला वेगळी लाइन ओढू," म्हणाले.