धमनीतली पेशी कूस बदलते तेव्हा

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली धमनीचा आडवा छेद]

निवेदन:
धमनीच्या भिंतीत तीन थर असतात. रक्ताला लागून असलेलं अस्तर जेमतेम एका पेशीइतकं जाड. बाहेरून तंतूंचं आवरण. आणि मधला हा पट्टा अरेखित स्नायूपेशींचा. आकुंचन पावायचं, सैल पडायचं, रक्तदाब सांभाळायचा, एवढंच यांचं काम. कंटाळवाणं म्हणा हवं तर. पेशी मात्र तशी नाही.

[दृश्य: भ्रूणातल्या रक्तवाहिन्यांचं जाळं, अॅनिमेशन]

भ्रूणात आधी तयार होते ती नुसत्या अस्तराची नळी. ही नळी पीडीजीएफ-बी नावाचं प्रथिन सोडते आणि आसपासच्या पेशींना स्वतःभोवती बोलावून घेते. ज्या उंदरांत हे प्रथिन बनतच नाही, ते जन्माच्या सुमारास रक्तस्राव होऊन मरतात.

बोलावणं ऐकून येणाऱ्या पेशींची कुळं मात्र वेगवेगळी. महाधमनीच्या कमानीतल्या पेशींचं मूळ चेतासंस्थेशी जोडलेलं. तीच महाधमनी पाठीच्या कण्यालगत खाली उतरते, तिथल्या पेशी कणा घडवणाऱ्या ऊतींतून आलेल्या. सुरुवातीला त्या भराभर वाढतात, सरकतात, इलॅस्टिनचे लवचीक पडदे विणतात. मग मायोकार्डिन हे प्रथिन आकुंचनाची जनुकं चालू करतं आणि वाढ थंडावते.

थंडावते, संपत नाही. हृदयाची स्नायूपेशी एकदा घडली की सहसा मागे फिरत नाही. धमनीतली पेशी फिरू शकते, अगदी म्हातारपणीही.

[दृश्य: जुनं छायाचित्र, अँजिओप्लास्टी]

१६ सप्टेंबर १९७७. झुरिचमध्ये आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी जागृत रुग्णाच्या हृदयाची अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद केली. छाती उघडावी लागली नाही. पण पुढे अनेक रुग्णांत तीच जागा काही महिन्यांत पुन्हा आवळू लागली. १९८६मध्ये स्टेंट आला. धातूच्या जाळीने भिंत मिटणं थांबवलं, तर जाळीच्या फटींतून पेशी आत वाढू लागल्या.

कोणत्या पेशी? मुख्यतः मधल्या पट्ट्यातल्या स्नायूपेशी. भिंत दुखावली की तिथे चिकटलेल्या प्लेटलेट्सही पीडीजीएफ सोडतात. स्नायूपेशी आकुंचनाची यंत्रणा मोडीत काढते, विभागू लागते आणि अस्तराकडे सरकते. भ्रूणात बोलावणारं प्रथिन आणि हे एकाच घराण्यातलं, हे विसरू नका. पेशीच्या लेखी ती दुरुस्तीच करत असते.

म्हणून पेशींची वाढ रोखणाऱ्या सिरोलिमस या औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले. धमनी पुन्हा बुजण्याचं प्रमाण बरंच घटलं. पण हे औषध आपलं-परकं पाहत नाही. अस्तराची भरपाईही मंदावते, उघडी जाळी रक्ताच्या गुठळीला आमंत्रण देते, आणि रुग्णाला गुठळी रोखणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात.

[दृश्य: कोलेस्टेरॉल साचलेल्या धमनीचा छेद, रंगीत पेशी]

कोलेस्टेरॉल साचून तयार होणाऱ्या प्लाकमध्ये तर ओळखीचाच घोळ होतो. उंदरांत स्नायूपेशींवर कायमची रंगखूण करून पाहिलं, तेव्हा मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, समजल्या गेलेल्या कितीतरी पेशी मूळच्या स्नायूपेशी निघाल्या. काही जणी हाडाच्या पेशींसारख्या वागत भिंतीत कॅल्शियम साठवतात. पण प्लाकवर तंतूंचं मजबूत टोपण चढवतात त्याही याच. ते टोपण पातळ होऊन फाटलं, तर गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

तेव्हा या पेशींचं बदलणं सरसकट थांबवणं हा उपाय नव्हे. २००६मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्या प्रयोगशाळेने प्रौढ पेशीला भ्रूणासारख्या अवस्थेत नेलं ते चार जनुकं वापरून. त्यांतली दोन म्हणजे केएलएफ-४ आणि ऑक्ट-४. उंदरांच्या स्नायूपेशींतून केएलएफ-४ काढलं, तेव्हा प्लाक लहान झाला, टोपण जाड झालं. ऑक्ट-४ काढलं, तेव्हा प्लाक वाढला आणि टोपणातल्या स्नायूपेशी कमी झाल्या.