रिकामी वाटी

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'इंटरनेट बंद का पडतं?' आणि वेळ दिलाय वीस मिनिटं. आमच्या इमारतीत ते चार दिवस बंद होतं, तेव्हा माझं ऐकायला घरचं माणूसही थांबत नव्हतं.

तिथूनच सुरू करतो. राऊटरचे दिवे सगळे हिरवे, पण एक पान उघडेना. तीनदा बंद-चालू केला, वायर काढून फुंकर मारली. हसू नका, तुम्हीही मारता. शेवटी बिलाची पावती घेऊन केबलवाल्याच्या दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमचं बिल भरलंय हो. माझं भरलेलं नाही." ज्या मोठ्या कंपनीकडून तो नेट घेत होता, ती म्हणत होती थकबाकी आहे, हा म्हणत होता जादा आकारणी आहे. वायर शाबूत, मशीन शाबूत, फक्त वरून तोटी बंद. चौथ्या दिवशी अर्धी रक्कम पोचली आणि नेट आलं. शिडीवर कुणी चढलंसुद्धा नाही!

मोठ्यांचंही हेच. शेजारून खीर आली की वाटी रिकामी परत करायची नाही, हे आपल्याला आईने शिकवलंय. नेटवाले त्याला पिअरिंग म्हणतात. तुझ्या गिऱ्हाइकांचा डेटा मी घेतो, माझ्यांचा तू घे, पैसे कुणीच द्यायचे नाहीत. कुणी वाट्या मोजत नाही तोवर छान चालतं. 2005 साली अमेरिकेत लेव्हल थ्री कंपनीने मोजल्या. म्हणाली, कोजंट या दुसऱ्या नेट कंपनीशी हा सौदा बरोबरीचा राहिलेला नाही, पैसे द्या. कोजंट नाही म्हणाली. 5 ऑक्टोबरला लेव्हल थ्रीने जोड तोडली. ज्यांची लाइन या दोघींपैकी एकीचीच, त्यांना सगळं जग दिसत होतं, फक्त पलीकडच्या घरचे दिसत नव्हते. कोजंटने तर पलीकडच्या अडकलेल्या गिऱ्हाइकांना वर्षभर फुकट सेवा देऊ केली! दोन-तीन दिवसांत जोड परत आली, महिनाअखेरीस समझोता झाला. 2008 मध्ये पुन्हा कोजंटच, या वेळी समोर स्प्रिंट.

केकचं सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. 2009 मध्ये नेटवर्क इंजिनिअरांच्या संमेलनात हरिकेन इलेक्ट्रिक या आणखी एका नेट कंपनीने कोजंटसाठी केक आणला. वर क्रीमने लिहिलं होतं, आमच्याशी आयपीव्ही सिक्सचं, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्त्यांचं, पिअरिंग करा ना. केक संपला. जोड काही झाली नाही.

आपणही कमी नाही. 2019 मध्ये आपल्या मोबाइल कंपन्यांनी रिंगच वीस-पंचवीस सेकंदांवर आणली होती, आठवतंय? मिस्ड कॉल पडला की समोरचा उलटा फोन करणार, आणि कॉल जिथे पोचतो त्या कंपनीला मिनिटाला सहा पैसे...

चिठ्ठी आली. तीन मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता.

तर, तिसऱ्या कंपनीकडून वळसा का घेत नाहीत? कारण पिअरिंगमध्ये समोरच्याच्या गिऱ्हाइकांपुरतीच वाट मिळते. पलीकडे जायचं तर ट्रान्झिट, म्हणजे बाकी जगाची वाट, विकत घ्यावं लागतं, आणि भांडणारे दोघंही म्हणतात, मी का घेऊ? एक्स्चेंजबद्दल, म्हणजे नेट कंपन्या एकमेकींना जिथे जोडतात त्या जागेबद्दल, तासभर बोलता आलं असतं. आपल्याकडे निक्सी नावाचं असं एक्स्चेंज 2003 पासून आहे. देशातला डेटा परदेशी फिरून येऊ नये, म्हणून ते उभारलं.

दोन लाइन घ्या, पण दोघांनाही विचारा, वरून कुणाकडून घेता? मी न विचारता दुसरी घेतली. पुढच्या वेळी दोन्ही एकदमच गेल्या. दुसराही त्याच केबलवाल्याकडून घेत होता.