पलटणीतला माणूस कागदावर शोधताना

(दृश्य : देवळाली छावणीतला रस्ता. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्राचे फाटक.)

नाशिकच्या माणसाला लष्कर नवीन नाही. देवळालीची छावणी ब्रिटिशांच्या काळापासूनची आणि नाशिकरोडला तर तोफखान्याचे केंद्रच. त्यामुळे निफाड, सिन्नर, येवला, चांदवड, बागलाणकडची मंडळी दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आजोबा-पणजोबांची माहिती काढायला निघाली, की आधी याच फाटकांशी चौकशी करतात. पुष्कळदा तिथे काहीच हाती लागत नाही. फौजेत शिपायाची नोंद त्याच्या गावावरून ठेवत नाहीत. तो ज्या पलटणीत भरती झाला, त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात ती असते.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत असतील तर पत्ता बेळगावचा. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावातच उभी राहिली, पण तिचे केंद्र आणि रेकॉर्ड आज मध्य प्रदेशात सागरला आहे. बाँबे सॅपर्स, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या पलटणीचे, पुण्यात खडकीला. रसद आणि वाहतूक पाहणाऱ्या सर्व्हिस कोरमधल्या ड्रायव्हरची विचारणा बेंगळुरूला करावी लागते. तोफखान्यातलाच माणूस असेल, तरच नाशिकरोड. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांच्या पुढे गेली होती. एवढ्या गर्दीत नुसत्या नावावर माणूस सापडत नाही. तो नंबरावर सापडतो. फौजेत ज्याला आर्मी नंबर किंवा रेजिमेंटल नंबर म्हणतात, तोच हवा.

(दृश्य : जुनी लोखंडी ट्रंक. पिवळी पडलेली छोटी पुस्तिका, जवळून.)

नंबराचा शोध घरापासूनच सुरू करा. ट्रंक, देव्हाऱ्यामागची जागा, जमिनीच्या कागदांचे गाठोडे, फोटोच्या फ्रेमची मागची बाजू, सगळे पाहा. शोधायचे ते डिस्चार्ज बुक किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट. त्यात नंबर, नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, भरतीची तारीख, सुटकेची तारीख, सुटकेचे कारण, वागणुकीचा शेरा, मिळालेली मेडल्स आणि शरीरावरच्या खुणा एवढे असते. अंगठ्याचा ठसाही बहुधा असतो. घड्या पडलेला कागद जबरदस्तीने उलगडू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. फिकट शाई साध्या झेरॉक्समध्ये उतरत नाही, रंगीत स्कॅनमध्ये बऱ्यापैकी उतरते.

या कागदावर ‘३/५’ असे काही लिहिलेले दिसले तर ती तारीख नव्हे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, असा त्याचा अर्थ. या एका आकड्यावरून सगळी वाट ठरते. ३/५ एरिट्रियात केरेनच्या डोंगरात लढली आणि पुढे इटलीत गेली. तिथेच १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळवला. १/५ ही इटलीत. शिपाई नामदेव जाधव यांचा ९ एप्रिल १९४५ चा सेनिओ नदीकाठचा पराक्रम याच बटालियनमधला. २/५ जून १९४२ मध्ये लिबियातल्या टोब्रुकला शत्रूच्या हाती पडली. ४/५ मणिपूरच्या डोंगरात, मार्च १९४४ मध्ये सांगशाकला जपान्यांसमोर उभी होती. एकाच गावातले, एकाच रेजिमेंटमधले दोघे भाऊ, पण एक इटलीत आणि दुसरा ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, असे सहज घडलेले असू शकते.

(दृश्य : मेडल, अगदी जवळून. फीत, मग कडा.)

पुस्तिका नसेल तर मेडल्स बघा. त्यांच्याइतका बोलका पुरावा घरात दुसरा नसतो. सहा टोकांची पिवळसर चांदणी असेल तर मधल्या गोलाभोवती नाव वाचा. ‘आफ्रिका स्टार’ म्हणजे १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात आफ्रिकेतली नोकरी, एरिट्रियाही त्यात आला. ‘इटली स्टार’ ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळाची. ‘बर्मा स्टार’ ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ ची. ती सरहद्दीच्या अलीकडे, आसाम-बंगालमध्ये विशिष्ट काळात असलेल्यांनाही मिळाली. त्यामुळे ही चांदणी दिसली म्हणून आजोबा ब्रह्मदेशात पोहोचले होतेच, असे धरू नये.

फिती मात्र मुळातल्याच आहेत का ते तपासा. इटलीच्या फितीत लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे सारखे पट्टे असतात. बर्मा स्टारची फीत गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना एकेक नारिंगी रेघ. जुनी फीत कुजली की घरच्यांनी मिळेल ती रिबन लावलेली असते, म्हणून भरवसा धातूवरच्या अक्षरांवर ठेवावा. गोल ‘वॉर मेडल’ २८ दिवसांच्या नोकरीवर मिळत असे, त्यावरून रणांगण ठरत नाही. हिंदुस्थानचा नकाशा असलेले ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ देशातच तीन वर्षे, लढाईबाहेरच्या नोकरीसाठी होते. तो माणूस डेपोत असेल, रसदीवर असेल, पहाऱ्यावर असेल. त्याची नोकरी कमी मोलाची मानू नका. आघाडीवर पोहोचलेले प्रत्येक पोते आणि प्रत्येक पेटी अशाच हातांतून गेली होती.

मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव ठोकलेले आहे का, ते बॅटरीचा उजेड तिरपा टाकून पाहा. सगळ्या मेडलांवर नाव नसते, म्हणून कडा कोरी दिसली तर मेडल खोटे ठरत नाही. आणि एक कळकळीची विनंती. ती चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. कडेवरची बारीक अक्षरे त्यात जातात आणि त्यांच्यासोबत नंबरही जातो.

फोटोत खांद्यावरचे चिन्ह बघा. गरुड म्हणजे चौथी डिव्हिजन, काळे मांजर म्हणजे सतरावी, झुंजणारा कोंबडा म्हणजे तेविसावी. फोटो स्टुडिओचा शिक्का बेळगावचा असेल तर तो बहुधा ट्रेनिंगच्या काळातला. पत्राच्या पाकिटावर एफपीओ आणि पुढे आकडा असेल तर ते फिरते लष्करी पोस्ट ऑफिस. त्या आकड्यांच्या आणि ठिकाणांच्या याद्या टपाल तिकिटे जमवणाऱ्या जाणकारांकडे मिळतात.

(दृश्य : तहसील कार्यालय. कापडात बांधलेली दप्तरे.)

घरात काहीच उरले नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. युद्ध संपल्यावर हजारो जवान पेन्शनशिवाय घरी पाठवले गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारने नंतर मासिक अनुदान दिले. आजी ते घेत असेल तर तिच्या अर्जाला डिस्चार्जची नक्कल जोडलेली असणार. तेव्हा विचारताना आजोबांबरोबर आजीचेही नाव सांगा, कारण शेवटची फाइल तिच्या नावाने असू शकते. बँकेचे जुने पासबुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, नंबर मिळाला तर सोबत न्या.

महसुली कागद तर नाशिक जिल्ह्यात आता बऱ्याच घरांच्या ओळखीचे झाले आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, आणि वारसनोंदीसाठी फेरफार. यातून वडिलांचे खरे नाव, जन्माचा अदमास आणि मृत्यूची तारीख मिळते. जुनी पाने मोडीत असतील तर मोडी वाचणारा जाणकार गाठावा, अंदाजाने वाचू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उताराही घ्या. मात्र भरतीच्या वेळी सांगितलेले वय आणि शाळेतले वय जुळेलच असे नाही. दोन-तीन वर्षांचा फरक दिसला म्हणून माणूस दुसरा समजू नका.

(दृश्य : अर्ज, स्पीड पोस्टचे पाकीट.)

आता रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, भरती आणि सुटकेचे अंदाजे साल, सगळे पहिल्याच परिच्छेदात लिहा. मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि अर्जदाराचे ओळखपत्र जोडा. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात जा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत.

इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. पेन्शन न मिळालेल्या जवानाचे सेवापत्रक सुटकेनंतर २५ वर्षे ठेवून नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. १९४६ मध्ये सुटलेल्याचे पत्रक १९७१ च्या सुमारास गेले, असे धरून चाला. म्हणून अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असे मोघम लिहू नका. ‘लाँग रोल’मधली नोंद नावानिशी मागा. ही भरतीची मोठी नोंदवही असते आणि ती सेवापत्रकापेक्षा जास्त काळ ठेवतात. त्यात एकच ओळ मिळेल, पण नंबर, भरती, सुटका आणि कारण पक्के होईल. पेन्शनर असेल तर परिस्थिती बरी, कारण कुटुंब निवृत्तिवेतनामुळे कागद जिवंत राहिलेले असतात.

(दृश्य : स्मारकाच्या भिंतीवर कोरलेली नावे.)

जे परतलेच नाहीत, त्यांचा शोध तुलनेने सोपा आहे. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मरण पावलेल्यांची नोंद आहे आणि शोधाला पैसे लागत नाहीत. अडचण येते ती स्पेलिंगची. जाधव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले असतात, पवारचे पोवार होतात, सोनवणे ओळखू येत नाहीत. हिंदी जवानांचे पूर्ण नाव पुष्कळदा आडनावाच्याच रकान्यात असते, तेव्हा आडनाव टाकून सापडले नाही तर पहिले नाव त्याच रकान्यात टाकून पाहा. जादा माहितीच्या रकान्यात आई-वडील आणि गाव असते. तिथे नाशिक ‘नासिक’ असे जुन्या पद्धतीने, चांदवड ‘चांदोर’, पेठ ‘पेंट’ अशा स्पेलिंगने शोधा. रेजिमेंटच्या नावातही ‘मराठा’ऐवजी ‘महरट्टा’ असते.

नोंद सापडली पण कबर नाही, म्हणून घरचे अस्वस्थ होतात. हिंदू जवानांवर शक्य तिथे अग्निसंस्कार झाले, म्हणून नावे दहनस्मारकांवर आहेत. इटलीत सांग्रो नदीकाठी, केरेनला, कोहिमाला. ज्यांचा देहच हाती लागला नाही त्यांची नावे इटलीतल्या कॅसिनो गावच्या किंवा रंगूनच्या स्मारकावर. यशवंत घाडगे यांचेही नाव कॅसिनोला आहे. नोंदीत भिंतीचा किंवा फलकाचा क्रमांक दिलेला असतो, तो उतरवून घ्या.

टोब्रुकसारख्या ठिकाणी कैद झालेल्यांसाठी जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे अर्ज करता येतो. अर्ज वर्षातून ठराविक वेळीच घेतात. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांचा माग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात लागतो. ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोध सुरू करता येतो.

बटालियन आणि तारखा पक्क्या झाल्या, की युद्धडायरी मागवावी. बटालियन रोज कुठे होती, काय घडले, किती मेले, किती जखमी झाले, ते त्यात असते. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मध्यपूर्वेसाठी डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १६९, इटलीसाठी डब्ल्यूओ १७० आणि ब्रह्मदेश-आग्नेय आशियासाठी डब्ल्यूओ १७२ या मालिका पाहाव्यात. शौर्यपदकाची शिफारस असेल तर डब्ल्यूओ ३७३. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडेही युद्धडायऱ्या आहेत. त्यात साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते. डिस्चार्ज बुकातल्या तारखा बाजूला ठेवून त्या वाचाव्या लागतात.

आजारपणामुळे किंवा जखमेमुळे सुटका होऊन घरी आलेला आणि ३१ डिसेंबर १९४७ पूर्वी त्यातूनच गेलेला जवान कमिशनच्या यादीत नसेल, तर त्याचे नाव घालण्याची मागणी करता येते. डिस्चार्जवरचे वैद्यकीय कारण, मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद आणि नात्याचा पुरावा, तिन्हींच्या साक्षांकित नकला इंग्रजी भाषांतरासह एकत्र पाठवाव्यात.