पंखे बंद होतात तेव्हा

२० मे २०१३. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं मूर शहर. शाळा सुटायच्या बेतात असतानाच टोर्नेडो, म्हणजे सोंडेसारखा गरगरणारा वावटळीचा खांब, शहरात घुसला. एका प्राथमिक शाळेची भिंत कोसळली आणि ७ मुलं गेली. त्या इमारतीत जीव वाचवायला भक्कम खोलीच नव्हती.

टोर्नेडोचा इशारा मिळाल्यावर हाताशी काही मिनिटंच उरतात. तेवढ्यात मुलांना नेणार कुठे? आसरा शाळेच्या आवारातच हवा. आणि तो रोजच्या वापरातला हवा. वर्षभर कुलूपबंद असलेल्या खोलीची किल्ली ऐनवेळी सापडेलच असं नाही.

टेक्सासमधल्या एडना गावाला भीती हरिकेनची, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळाची. तिथल्या शाळेने २०११ साली सुमारे २०,००० चौरस फुटांचा काँक्रीटचा घुमट उभारला. एरवी जिम, वादळात निवारा. खर्चाचा ७५ टक्के भार फेमा या केंद्रीय आपत्ती यंत्रणेने उचलला.

असा घुमट बांधतात आतून. आधी गोल पाया. त्याच्या कडेला जाड कापडाचा फुगा आवळायचा आणि पंख्यांनी हवा भरायची. आत जायला दोन दारं: एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर हवा निसटते. आत पंख्यांची घरघर अखंड चालू. फुग्याला आतून फोमचा फवारा, सुमारे ३ इंच. त्यात रोवलेल्या आकड्यांना आडव्या-उभ्या सळ्या बांधायच्या. मग नळीतून काँक्रीटचा मारा, थरावर थर, सळ्या दिसेनाशा होईपर्यंत. बाहेर पाऊस पडो की बर्फ, काम अडत नाही. मग एक दिवस पंखे बंद करतात. फुगा खाली बसत नाही.

वाऱ्याला धरायला कोपरा नाही, उचकटायला वेगळं छप्पर नाही.

या पद्धतीचा पहिला घुमट १९७६ साली आयडाहोतल्या शेली गावात उभा राहिला, तो बटाटे साठवायला! फोम बाहेर, काँक्रीट आत, त्यामुळे आतलं तापमान फारसं हलत नाही. बटाट्यांना जे हवं, तेच वर्गालाही.

अडचणी आहेत. गोल भिंतीला फळा टेकत नाही. आत सरळ भिंती घालून वर्ग पाडावे लागतात. आणि आवाज घुमतो. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून आवाज शोषणारं अस्तर लावतात. त्यात कधीही काटकसर करू नये. वादळात, अंधारात हजेरी घेताना बाईंनी पुकारलेलं नाव प्रत्येक मुलाला स्पष्ट, एकदाच ऐकू यायला हवं.