पऱ्हाटीचा कोळसा, रंगाचं पाणी

(दृश्य: पैठण. रेशमाची लडी रंगाच्या पातेल्यातून वर येते.)

लडीनं रंग पिऊन घेतला, तरी पातेलं लालच. रंग डोळ्याला दिसायला लिटरमागे एखादा मिलिग्रॅम पुरतो. असे बरेच रंग जिवाणूंनाही सहजी पचत नाहीत. म्हणून हे सांडपाणी सोडण्याआधी त्यातला रंग काढायला शेवटचा हात कोळशाचा.

(दृश्य: बांधावर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा ढीग.)

कच्चा माल शेतातच पडलाय. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटावीच लागते, नाहीतर गुलाबी बोंडअळीला आयता आसरा. पण चुलीतला कोळसा आणून टाकला तर फसगत होते. रंग धरणारी त्याची छिद्रं डांबरानं बुजलेली असतात, आणि राखेमुळे पाणी अल्कधर्मी होतं.

पऱ्हाटी धुऊन, वाळवून, दोन-एक मिलिमीटरपर्यंत दळायची. तिच्या वजनाइतकं फॉस्फोरिक आम्ल पाण्यात मिसळून ती रात्रभर त्यात भिजवायची. हातमोजे, चष्मा हवेतच. 105 अंशांवर वाळवून झाकणबंद भांड्यात 450 ते 500 अंश सेल्सिअसला तासभर. झाकण सैल राहिलं तर कोळसा जळून राख होते. मग गरम पाण्यानं धुणं. सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम हेच. धुवणाचा पीएच 6 च्या वर जाईपर्यंत धुवायचं, नाहीतर राहिलेलं फॉस्फेट रंगाच्या पाण्यात उतरतं.

(दृश्य: पाच बाटल्या, रंग गडद ते फिका.)

किती कोळसा घालायचा, ते बाटल्या सांगतात. प्रत्येकीत 100 मिलिलिटर पाणी; कोळसा 0, 0.1, 0.2, 0.5 आणि 1 ग्रॅम. दोन तास हलवायचं, गाळायचं, रंगमापकावर वाचायचं. बारीक भुकटी फडक्यातून निसटते आणि आकडा खोटा वाढवते. म्हणून गाळण-कागद वापरायचा. कागदी हिशेबात ग्रॅमभर कोळसा 100 मिलिग्रॅम रंग धरत असला, तरी पाणी फिकं होत जाईल तशी ही पकड घटते. शेवटचा थोडा रंगच महाग पडतो.

आता खरी गोम पीएचची. रेशमाला लावतात ते आम्लरंग पाण्यात ऋणभारित असतात. पीएच वाढला, म्हणजे आम्लता घटली, की कोळशाचा पृष्ठभागही ऋण होतो, आणि दोघं एकमेकांना ढकलतात. रंगाच्या पातेल्यात आम्ल असतंच, ते आपल्या पथ्यावर पडतं. चुन्यानं उदासीन करायचं ते कोळसा काढल्यावर, 6.5 ते 8.5 च्या आत आणायला. रेशमाचा डिंक काढलेलं साबण-सोड्याचं पाणी या टाकीत येऊ द्यायचं नाही. साबण छिद्रांत जागा अडवतो, सोडा पीएच चढवतो. कोळसा चांगला असूनही पाणी लालच राहिलं, तर आधी ही मोरी तपासा.

सुती धाग्याच्या रिअॅक्टिव्ह रंगांत मीठ भरपूर असतं. कोळसा रंग घेतो, मीठ तसंच सोडतो. पाणी नितळ दिसलं म्हणून पिकाला देऊ नका.

(दृश्य: काचेचा ग्लास.)

वापरलेला कोळसा उकिरड्यावर जात नाही. तो वाळवून, बंद पिंपात, घातक कचरा म्हणून अधिकृत विल्हेवाटीला जातो. कारण समोर आहे: चमचाभर काळी भुकटी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पडली, आणि पाणी पुन्हा लालसर होऊ लागलंय.