जन्मतारखांची गर्दी

वर्षाचे ३६५ दिवस, आणि बाळ काही पंचांग बघून येत नाही. तेव्हा प्रत्येक तारखेच्या वाट्याला साधारण सारखीच मुलं यायला हवीत, असं आपण धरून चालतो. पण जन्मनोंदी तारखेनुसार मांडून पाहिल्या की ही समजूत टिकत नाही. अमेरिकेतल्या १९९४ ते २०१४ या वर्षांच्या नोंदींत सर्वाधिक जन्म ९ सप्टेंबरचे निघाले, आणि वरच्या बहुतेक तारखा सप्टेंबरच्याच. तळाला अर्थातच २९ फेब्रुवारी. ती चार वर्षांतून एकदा येते, म्हणून बाजूला ठेवू. तिच्या लगेच वर २५ डिसेंबर, १ जानेवारी, २४ डिसेंबर आणि ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५ ते २०१४ या काळात पहिला नंबर २६ सप्टेंबरचा आणि शेवटचा २६ डिसेंबरचा; तिथे नाताळच्या दुसऱ्या दिवशीही सुट्टी असते.

सप्टेंबर म्हटलं की लोक लगेच बोटं मोजतात. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत सरासरी २६६ दिवस धरले, तर १६ सप्टेंबरवरून मागे गेल्यावर आपण २४ डिसेंबरला पोचतो. म्हणजे नाताळची सुट्टी. त्यात तथ्य आहे. पण इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. प्रत्येक गरोदरपण सारख्या लांबीचं नसतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रीबीज नेमकं कोणत्या दिवशी बाहेर पडलं हे तपासून माहीत होतं, तरीही पूर्ण दिवसांच्या गरोदरपणांत ३७ दिवसांपर्यंत फरक सापडला. याचा अर्थ असा, की एकाच रात्री हजारो जणींना दिवस राहिले, तरी त्यांची मुलं एका तारखेला जन्मणार नाहीत; ती चार-पाच आठवड्यांत विखुरतील. सुट्टीमुळे आलेखाला फुगवटा येऊ शकतो, सुळका नाही. म्हणून आलेखात एखाद्या एकाच तारखेला खोल खड्डा दिसला, की नऊ महिने मागे जाऊन उपयोग नाही. त्याचं कारण त्याच आठवड्यात शोधायचं.

आधी फुगवट्याबद्दल. ऋतूनुसार जन्म कमी-जास्त होतात, हे जुनंच निरीक्षण आहे. फ्रान्सच्या व्हिलेर्मे या डॉक्टरांनी १८३१ साली महिन्यांनुसार गर्भधारणा आणि जन्म मोजून त्यावर लिहिलं होतं. त्या काळच्या युरोपात जन्मांचा भर फेब्रुवारी-मार्चमध्ये असायचा, म्हणजे दिवस राहायचे तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये. अमेरिकेच्या गेल्या शतकातल्या नोंदींमध्ये उत्तरेकडच्या राज्यांत हा भर जून-जुलैत दिसतो आणि दक्षिणेकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत सरकतो. फक्त सुट्ट्याच कारणीभूत असत्या, तर एकाच देशात असा फरक पडला नसता. उष्म्याचा हात त्यात नक्की आहे: दिवसाचं सरासरी तापमान २७ अंशांच्या वर गेलं, की आठ ते दहा महिन्यांनी जन्म घटतात, हे अमेरिकेच्या आकडेवारीतून दाखवलं गेलं आहे. उष्णतेमुळे शुक्राणू कमी तयार होतात, हेही ठाऊक आहे. तेव्हा ‘सप्टेंबर म्हणजे नाताळ’ हे उत्तर मला फार घाईचं वाटतं.

न्यूयॉर्कमध्ये १९६५ साली रात्रभर वीज गेली आणि नऊ महिन्यांनी मुलांचा पूर आला, ही गोष्ट आजही सांगितली जाते. जे. रिचर्ड उड्री या समाजशास्त्रज्ञांनी शहराच्या जन्मनोंदी तपासून १९७० साली त्यावर लिहिलं. पूर वगैरे काही आला नव्हता.

आता खड्डे. २५ डिसेंबरला जन्म कमी आणि त्याच्या आदल्या आठवड्यात जास्त, यात निसर्गाचा संबंध नाही. कळा सुरू करायचं औषध आणि सिझेरियन, दोन्हींची तारीख ठरवता येते, आणि सणाच्या दिवशी ती कोणी ठरवत नाही. शनिवार-रविवारीही हेच होतं. इंग्लंडमधल्या २००५ ते २०१४ या काळातल्या पन्नास लाखांहून अधिक जन्मांच्या अभ्यासात हे अगदी स्वच्छ दिसतं. ठरवून केलेली सिझेरियन कामाच्या दिवशी, सकाळच्या वेळात. आपोआप कळा सुरू होऊन झालेले जन्म मात्र पहाटे चारच्या सुमाराला सर्वाधिक.

तारीख माणूस किती सरकवू शकतो, याचा सर्वांत बोलका पुरावा ऑस्ट्रेलियाचा आहे. ११ मे २००४ रोजी सरकारनं जाहीर केलं, की १ जुलैपासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळामागे ३००० डॉलर मिळतील. मध्ये सात आठवडे. त्या सुमाराला जन्मणारी सगळी मुलं घोषणेच्या दिवशी पोटातच होती. मुलांची संख्या बदलणं कोणाच्याच हातात नव्हतं, बदलू शकत होती ती फक्त तारीख. २८ जूनला सिझेरियन ठरलेल्या बाईची कल्पना करा. तीन दिवस थांबलं तर एवढी रक्कम. डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? अनेकींनी विचारलं असणार, कारण जूनच्या अखेरीस जन्म घसरले आणि १ जुलैला आधीच्या तीस वर्षांतल्या कोणत्याही दिवसापेक्षा जास्त मुलं जन्मली. जोशुआ गॅन्स आणि अँड्र्यू ली या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: हजाराहून अधिक जन्म पुढे ढकलले गेले, आणि त्यांतला जवळपास चौथा हिस्सा दोन आठवड्यांहून जास्त. दोन आठवडे! नवव्या महिन्यातल्या बाईसाठी हा काळ थोडाथोडका नाही.

अमेरिकेत याच्या उलट ओढ आहे. ३१ डिसेंबरला बाळ झालं तर पूर्ण वर्षाची करसवलत, १ जानेवारीला झालं तर सरलेल्या वर्षाची काहीच नाही. स्टेसी डिकर्ट-कॉन्लिन आणि अमिताभ चंद्रा यांनी १९९९ साली दाखवलं, की सवलत जितकी मोठी, तितकी प्रसूती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होण्याची शक्यता जास्त.

या आकड्यांकडे नुसती गंमत म्हणून बघणं मला जमत नाही. ३९ आठवड्यांच्या आत कारणाशिवाय बाळ बाहेर काढलं, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. दिवस भरून गेल्यावर उगाच थांबलं, तर धोका दुसऱ्या बाजूनं वाढतो. आई-बापांना मी दोष देणार नाही. ज्यांच्या घरी पैशांची ओढाताण आहे त्यांना ही रक्कम खुणावणारच. दोष एका रात्रीत शून्यावरून ३००० वर उडी मारणाऱ्या नियमाचा आहे. जूनच्या सुरुवातीपासून दर आठवड्याला रक्कम थोडी थोडी वाढवत नेली असती, तर तीन दिवस थांबून फारसं काही हाती लागलं नसतं आणि ढकलाढकलीचं कारणच उरलं नसतं. पण २००६ साली ती रक्कम ४००० डॉलर केली, तीही १ जुलैलाच, एका फटक्यात. जूनमधले जन्म पुन्हा जुलैत सरकले.