रस्त्यात कुणी फोटो मागितला तर

नमस्कार, श्रोतेहो.

दादरच्या फूलबाजारात सकाळची गर्दी जरा ओसरली, की कधीकधी गळ्यात कॅमेरा अडकवलेलं कुणीतरी टोपलीसमोर येऊन थांबतं. ‘मावशी, तुमचा एक फोटो काढू का? दोन मिनिटं बोलूया पण.’ ही दोन मिनिटं कधीच दोन नसतात. फोटोला पाच-दहा आणि बोलण्याला सहज अर्धा तास जातो, तेव्हा आपल्याकडे किती वेळ आहे ते आधीच सांगून टाकावं.

रस्त्यात भेटलेल्या माणसाचा फोटो आणि त्याचं बोलणं इंटरनेटवर टाकायची ही पद्धत रुळली ती न्यूयॉर्कमधून. 2010 साली ‘ह्युमन्स ऑफ न्यूयॉर्क’ या उपक्रमात फोटोग्राफर ब्रँडन स्टँटन यांनी शहरातल्या दहा हजार माणसांचे फोटो काढायचं ठरवलं. पुढे फोटोखाली त्या माणसाचं बोलणं येऊ लागलं आणि लोक फोटोइतकंच ते वाचू लागले. त्याच धर्तीवर मुंबईत 2014 मध्ये ‘ह्युमन्स ऑफ बॉम्बे’ सुरू झालं. आता गावोगावी असे उपक्रम दिसतात.

हो म्हणण्याआधी विचारायचं ते असं: फोटो कुठे टाकणार, नाव येणार का, आणि लिहिलेलं मला आधी वाचून दाखवणार का? विचारायला संकोच वाटतो, पण नीट काम करणारा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. भारतातल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल आणि तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतला नसेल, तर त्या फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याकडे राहतो. चेहरा तुमचा, फोटो त्याचा. म्हणून अटी आधीच बोलून घ्यायच्या.

आता फोटोकडे येऊ. बाजारात डोक्यावर निळी ताडपत्री असते. तिच्यातून झिरपणारा उजेड गालावर पडला की माणूस आजारी दिसतो, आणि तो निळेपणा नंतर संगणकावरही पुरता निघत नाही, कारण समोरच्या झेंडूचा पिवळा उजेड हनुवटीखाली वेगळाच रंग चढवतो. उपाय सोपा आहे. ताडपत्रीच्या कडेला, पण सावलीतच, उघड्या आकाशाकडे तोंड करून उभं राहा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो आणि चेहरा जिवंत होतो. फोटोग्राफर मोबाइल एक फुटावर आणत असेल, तर त्याला मागे जायला सांगा. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात, कारण कानांपेक्षा नाक लेन्सच्या बरंच जवळ असतं. पाच-सहा फुटांवरून चेहऱ्याची ठेवण बिघडत नाही. चष्मा चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्या. हातांचं काय करायचं हा प्रश्न पडलाच, तर हार ओवत राहा. हातांना कामाची सवय असते, पोज द्यायची नसते.

बोलणं रेकॉर्ड होतं तेव्हा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर हवा. कॉलरला लावायचा छोटा माइक असेल, तर मंगळसूत्र, ओढणी किंवा पदर त्याला घासून खरखर येते आणि नेमकी महत्त्वाची वाक्यं त्यात जातात. बसच्या हॉर्नमध्ये काही बुडालं असं वाटलं तर बिनधास्त पुन्हा सांगा.

खरी गडबड होते ती पुढे, लिहिताना. अर्ध्या तासाच्या बोलण्यातून बऱ्याचदा दोनेकशे शब्दच उरतात, आणि पुष्कळदा ते इंग्रजीत जातात. ‘तेव्हा घरात फार ओढाताण होती,’ असं तुम्ही पैशांबद्दल म्हणता. उतरवणारा घाईत असला तर लिहिताना त्या ओढाताणीचं घरातलं भांडण होऊन बसतं. मग नातेवाईक विचारतात, ‘असं कसं सांगितलंस?’ म्हणून मजकूर मराठीत वाचून घ्या, आणि इंग्रजी झालं असेल तर त्याचा अर्थ ओळीओळीने विचारा. गडबडीची दुसरी जागा घरच्या माणसांची. नवऱ्याचं व्यसन, मुलीचं मोडलेलं लग्न, शेठकडची उधारी, हे बोलण्याच्या ओघात येतं. पण त्या माणसांना कुणी विचारलेलं नसतं. तुमचं नाव गाळलं, तरी फोटोवरून ओळखणारा त्यांनाही ओळखतो. असं काही तोंडून गेलं तर तिथल्या तिथे म्हणा, ‘एवढं लिहू नका.’ शेजारी बसलेलं लहान मूल फोटोत येत असेल, तर त्याच्या आईबापांना विचारल्याशिवाय नको.

आणि निघताना नुसता आपला नंबर देऊ नका. फोटो काढणाऱ्याचा घ्या, समोरच मिस्ड कॉल द्या, फोन वाजतो का बघा. रात्री मन बदललं तर सकाळी कळवता येतं. एकदा पोस्ट लागली, की ती काढली तरी लोकांच्या फोनमधले स्क्रीनशॉट तसेच राहतात.